मुकादम सरांचा ताळा

मुकादम सरांना शॉकची भीती वाटायची. सगळी नोकरी पॉलिटेक्निकात वीज शिकवण्यात गेली, पण घरातला बल्ब उडाला की सर खाली खुर्ची धरून उभे राहायचे आणि वर चढायच्या त्या झुबेदा भाभी. "मेन बंद केलास ना? नक्की ना? एकदा बघून ये," असं सरांचं खालून चालू. भाभी वरून म्हणायच्या, "बंद आहे हो. तुम्ही तेवढी खुर्ची सोडा. तुमच्या थरथरीनंच मी पडेन."

पहिल्या दिवशी आम्ही दारात पोचलो तेव्हा हेच चाललं होतं. मी मनात म्हटलं, झालं. ह्या माणसाकडं मी सुनेला वीज शिकायला आणलं.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण होडीवर. तांडेल झालो, आणि माझ्या होडीवर माझ्या शब्दाबाहेर कुणी गेलं नाही. कुणापुढं हात जोडायची मला सवय नाही, आणि ह्या वयात ती लागायचीही नाही. तरी सरांच्या ओट्यावर मी वर्षभर रविवारी जाऊन बसलो, ते वैशालीसाठी.

वैशाली माझी सून. माहेर रेवसकडचं. लग्नाआधी तिनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता, पण एक पेपर राहिला होता, सर्किटचा. लग्न झालं, मुलगी झाली, मध्ये दोनदा बसली आणि दोनदा नापास झाली. आता कॉलेजवाल्यांनी सांगितलं की ही शेवटची संधी. ह्यात गेली तर तीन वर्षांचं शिक्षण शिकलीच नाही असं धरायचं. दिघीला बर्फाचा नवा कारखाना उभा राहत होता. तिथं ऑपरेटर पाहिजे होता, पण डिप्लोमाचा कागद दाखवल्याशिवाय उभं करणार नव्हते. माझा मुलगा होडीवर. दर्या आता पूर्वीसारखा देत नाही. घरात एक माणूस जमिनीवर पाय रोवून कमवणारं पाहिजे, हे मला कळत होतं.

मुरूडच्या बाजारात एकानं सांगितलं, "खाडीपलीकडं मुकादम सर हायेत. फुकट शिकवतात. पण टिकत कोणी न्हाय." मी म्हटलं, आमची टिकेल.

आगरदांड्याहून लाँच, दिघीहून सहा आसनी, मग थोडी चाल. असं ते घर. मी पहिल्या दिवशी डब्यात सुरमई घेऊन गेलो. सर म्हणाले, "नाखवा, मी फी घेत नाही."

मी म्हटलं, "ही फी न्हाय. ही सुरमई हाय."

सर हसले आणि डबा आत गेला. निघताना भाभींनी तोच डबा परत दिला, सांदणं भरून. पुढच्या खेपेला मी पापलेटं नेली, तर घावणे आले. मी सोडे नेले, तर फणसाची भाजी. मला रिकामा डबा मिळावा म्हणून मी काय काय केलं! एकदा तर डबा तिथंच मुद्दाम विसरून आलो. दुसऱ्या रविवारी तो दारातच तयार, आणि त्याच्याबरोबर आणखी एक. भाभींपुढं माझा हट्ट चालला नाही. तसं माझ्या आयुष्यात फार कमी ठिकाणी झालंय.

आता शिकवणं. सर फळ्यावर शिकवत नसत. ओट्यापुढं अंगणात सिमेंटचं खळं होतं. त्यावर खडूनं ते मोठं सर्किट काढायचे, माणूस आतून चालेल एवढं. दोन चौकटी शेजारीशेजारी, मधली भिंत दोघींची मिळून एक. डावीकडं एक बॅटरी, उजवीकडं एक. मध्ये मध्ये नागमोडी रेघ, म्हणजे रेझिस्टन्स, करंटला अडवणारा. एकेका चौकटीला मेश म्हणतात. जाळ्याच्या एका घराला आम्ही आस म्हणतो, तसंच दिसत होतं ते. मी तसं बोललो.

"दिसायला तेवढं सारखं," सर म्हणाले. "पुढं नेऊ नका."

सरांना उपमा चालत नसत. मी एकदा म्हटलं, "म्हणजे करंट भरतीसारखा येतो आन् ओहोटीसारखा जातो." सर म्हणाले, "नाही. भरती ती भरती, करंट तो करंट. करंटला करंटच समजा, नाखवा, नाहीतर मग मासे कुठं आहेत असं विचाराल." वैशाली पदर तोंडाला लावून हसली. मी दुखावलो नाही. थोडा दुखावलो.

मग त्यांनी मलाच उठवलं. "तुम्ही डाव्या चौकटीत चालायचं, वैशाली उजव्या. दोघांनी घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. नुसतं रेघेवरून." ह्या वयात खडूच्या रेघेवरून फिरायचं म्हणजे! शेजारचे दोघे तिघे कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी तरी फिरलो. मधल्या भिंतीवर आलो तर समोरून वैशाली. मी वरून खाली चाललेला, ती खालून वर.

"थांबा," सर ओरडले. "नाखवा तुम्ही तीन अँपिअर. बेटा तू एक. इथून खरं किती जातं?"

"चार," मी म्हटलं.

"समोरासमोर आलात ना? मग चार कसे?"

वैशाली म्हणाली, "दोन. तीनातून एक गेला."

"आणि कुठल्या बाजूनं?"

"बाबांच्या."

"तसल्ली?"

हा सरांचा शब्द. 'समजलं का' असं ते कधी विचारत नसत. समजलं असं सगळेच म्हणतात. ते विचारायचे, तसल्ली झाली का? आणि तोंडाकडं बघत राहायचे. तिथं खोटं हो म्हणता येत नव्हतं.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे ताळा. गणित सुटलं, दोन्ही करंट निघाले, की बाकीचे मास्तर पुढचं गणित देतात. सरांकडं तिथं अर्धंच झालेलं असायचं. बॅटऱ्यांनी मिळून किती वॉट दिले ते काढायचं. प्रत्येक रेझिस्टन्सनं किती खाल्ले ते काढायचं. दिलेलं आणि खाल्लेलं तंतोतंत जुळलं पाहिजे. "वीज वाटेत कुठं सांडत नाही आणि कुठून जास्तीची येत नाही," ते म्हणायचे. "जुळलं नाही, तर खोटी तू आहेस, वीज नाही. ताळा झाल्याशिवाय खळ्यातून उठायचं नाही." त्यासाठीच त्यांच्याकडं कुणी टिकत नव्हतं. लोकांना उत्तर पाहिजे असतं.

वैशाली दोनदा नापास का झाली ते मला तिथं कळलं. तिला येत होतं. पण उत्तर आलं की ती पाटी टाकून पळायची, जणू उत्तर मागून येऊन तिला धरणार आहे. कॉलेजात एकदा कुणी तिच्या उत्तराला भर वर्गात हसलं होतं. तेव्हापासून स्वतःच्या उत्तराकडं दुसऱ्यांदा बघायची तिला भीती. हे तिनं मला नाही, भाभींना सांगितलं, आणि भाभींनी मला.

त्या खळ्यातल्या गणितात डावी बॅटरी चौदा व्होल्टची होती आणि उजवी पाचाची. वैशालीनं ताळा मांडला. डावीनं दिले चौदा त्रिक बेचाळीस. उजवीनं पाच एके पाच. झाले सत्तेचाळीस. रेझिस्टन्सनी खाल्ले अठरा, सोळा आणि तीन, म्हणजे सदतीस. दहा वॉट कुठं गेले ते कळेना. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिचे डोळे भरले.

"सर, करंट चुकले असतील. मी पहिल्यापासून करते."

सर उठले. "करंट बरोबर आहेत. मी नमाज पढून येतो. तोवर ते दहा वॉट शोधून ठेव."

"सर, सांगा ना."

"मी सांगितलं तर ते माझे होतील."

आणि निघून गेले. मला राग आला. पोर रडतंय आणि हा माणूस चालला! मी म्हटलं, "वैशे, चल. लाँच निघेल." ती हलली नाही. खडूच्या रेघेवर उकिडवी बसून बोटानं बाण काढत राहिली. मग उजव्या बॅटरीपाशी थांबली. करंट तिच्या अधिकच्या टोकातून आत शिरत होता.

"बाबा," ती म्हणाली, "ही बॅटरी देत नाय. ही घेते हाय."

तिनं पाच तिकडून काढले आणि इकडं लिहिले. सदतीस आणि पाच, बेचाळीस. तिकडंही बेचाळीस. मला त्यातलं काही कळत नव्हतं असं नाही, थोडं कळलं, पण मी बघत होतो ते तिचं तोंड. सर आले. खाली बघितलं. वाकून नीट बघायला त्यांना वेळ लागला.

"बॅटरी दिसली की ती देणारीच, असं धरलं होतंस ना? सगळे धरतात. विचारायचं तिला, बाई, तू आत्ता काय करतेस? तसल्ली?"

"तसल्ली," वैशाली म्हणाली. त्या दिवशी लाँचवर ती सगळा वेळ खाडीकडं बघत गुणगुणत होती.

सरांना वाकून बघायला वेळ लागतो, हे मी तेव्हाच बघितलं होतं. मला वाटलं, कंबर. ती कंबर नव्हती.

परीक्षेला थोडे महिने राहिले तेव्हा सरांनी एक जुनी प्रश्नपत्रिका काढली. त्यातलं मोठं गणित दोघांनी वेगवेगळं करायचं ठरलं, सरांनी त्यांच्या कागदावर, हिनं हिच्या. दोघांची उत्तरं वेगळी आली. सर म्हणाले, "ताळा कर." तिनं केला. जुळला. सरांनी स्वतःचा केला. तोही जुळला.

असं कधी झालं नव्हतं. सरांचा आवाज चढला. "एका सर्किटला दोन उत्तरं नसतात. तुझा ताळा जुळवून आणलेला आहे."

"नाय सर. मी नाय जुळवला. तो जुळलाय."

"पुन्हा कर!"

तिनं पुन्हा केला. पूर्वीची वैशाली असती तर केव्हाच रबर घेऊन पुसून मोकळी झाली असती. ही हलली नाही. कागद पुढं धरून म्हणाली, "सर, माझा बरोबर हाय." मी ओट्यावर ताठ बसलो. दोन तांडेल एका होडीवर आले की काय होतं ते मी बघितलेलं आहे.

मग ती हळूच म्हणाली, "सर, मधला रेझिस्टन्स तुम्ही किती घेतला?"

"आठ."

"सर, तिथं तीन हाय."

सरांनी प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ नेली. लांब धरली. उजेडाकडं वळवली. दारातून भाभी म्हणाल्या, "मी केव्हापासून सांगतेय, डोळे दाखवा. मोतीबिंदू आहे म्हणतेय. डॉक्टर काही तुम्हाला वायर लावणार नाही."

मला वाटलं, आता सर उठून आत जातील. मी असतो तर गेलो असतो, आणि दोन दिवस कुणाशी बोललो नसतो. पण सरांनी खडू घेतला आणि खाली बसले.

"बेटा, आज मी तुला एक गोष्ट शिकवायची राहिली होती ती शिकवतो. मला वाटायचं, ती सांगायची गरज नाही. ताळा जुळला म्हणजे समोर लिहिलेलं गणित बरोबर सुटलं. पण कागदावरचं गणित इकडं उतरवताना बरोबर उतरलं का, ते ताळ्याला कळत नाही. मी आठाचं सर्किट बरोबर सोडवलं. पण विचारलं होतं तिनाचं. म्हणून ताळा झाला की एक काम आणखी. प्रश्नावर बोट ठेवायचं आणि आपली आकृती मोठ्यानं वाचायची. एकेक आकडा. परीक्षेत मनात वाच, पण बोट ठेव."

मग जरा थांबून म्हणाले, "इतकी वर्षं पोरांना ताळा शिकवला. हे नाही शिकवलं. माझ्या डोळ्यांवर माझा फार विश्वास होता."

त्यानंतरचे रविवार वेगळे झाले. वैशाली सर्किट वाचून दाखवायची आणि सर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. "डावीकडं किती? मध्ये किती? हां. आता चालव." तोंडी सोडवायचे सर, आणि ती कागदावर. अडलं की म्हणायचे, "माझ्याकडं बघू नकोस, मला दिसत नाही. कागदाकडं बघ." मी एकदा म्हटलं, "सर, डोळे करून टाका."

"भीती वाटते, नाखवा."

असं सरळ सांगणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. आम्ही तुफानात घाबरलो तरी सांगत नाही.

वैशाली म्हणाली, "सर, तुम्ही ऑपरेशन केल्याशिवाय मी पेपरला बसणार नाय."

"ही धमकी आहे?"

"व्हय."

पनवेलला लेकीकडं जाऊन सरांनी डोळा करून घेतला. भाभी सांगत होत्या, टेबलावर झोपल्यावर डॉक्टरांना विचारलं, ह्या दिव्याचं अर्थिंग केलंय का?

पेपर माणगावला होता. मी बाहेर झाडाखाली बसलो. बाकीची पोरं हसत बाहेर आली, काही रडत आली. वैशाली सगळ्यांच्या शेवटी आली आणि सरळ स्टँडकडं चालायला लागली. एस.टी.त बसलो. गाडी सुटल्यावर तिनं सांगितलं.

मोठं गणित सुटलं होतं. ताळा जुळला होता. पेपर देऊन टाकावा म्हणून ती उठायलाच लागली होती, हात वर केला होता. मग प्रश्नावर बोट ठेवलं. एका ठिकाणी सहाच्या जागी तिनं पाच उतरवले होते. सगळं गणित पाचाचं, सगळं बरोबर, आणि सगळं खोटं. तिनं सगळ्यावर काट मारली आणि पहिल्यापासून केलं. घंटा झाली तेव्हा नवे करंट लिहून झाले होते. ताळा राहिला.

"म्हणजे बरोबर हाय का चूक, ठाऊक न्हाय?"

"नाय ठाऊक."

मी म्हटलं, "मग आता कर."

"आता करून काय उपयोग, बाबा? पेपर गेला."

"मला तसल्ली नको?" मी म्हटलं.

तिनं पिशवीतून पेन काढलं. आकडे डोक्यात होते, कागद नव्हता, तर तळहातावर लिहायला लागली. गाडी वळणं घेत होती, आकडे वाकडे जात होते. तळहात भरला तसा मनगटावर गेली. समोरची म्हातारी म्हणाली, "मेंदी काढतेस का गो?" वैशाली लिहीतच राहिली. मी तिच्या ओठांकडं बघत होतो. ते हलायचे थांबले. तिनं हात माझ्यापुढं धरला, जणू मी वाचणार आहे.

"जुळला, बाबा."

निकाल पुढं लागला. मोबाईलवर आला. त्या दिवशी आमच्या घरात जो आरडाओरडा झाला तो वेगळा. पण मी सांगतो, माझ्यापुरती ती त्या गाडीतच पास झाली होती. बर्फाच्या कारखान्यात तिला घेतलं. आता महिन्याच्या महिन्याला घरात पगार येतो, आणि दर्यानं नाही दिलं तरी माझा मुलगा रात्री झोपतो. मी कुणाचे उपकार लवकर कबूल करत नाही, सगळा कोळीवाडा सांगेल. सरांचे करतो. मोठ्यानं करतो.

सरांची शेवटची भेट दिघीच्या जेट्टीवर झाली. आम्ही होडीत बर्फ भरून घेत होतो. सर आणि भाभी सामान घेऊन उभे. लेक न्यायला आली होती. गावातलं घर बंद करून आता पनवेललाच राहायचं ठरलं होतं. सरांनी मला लांबूनच हाक मारली, "नाखवा! तुमची पांढरी टोपी इथून दिसते मला. घाण झालीय."

तेवढ्यात वैशाली कारखान्यातून धावत आली. अंगात निळा शर्ट, डोक्यावर हेल्मेट, पायात बूट. सरांच्या पाया पडायला वाकली तर सरांनी धरून उभी केली आणि लेकीकडं वळले. आता काय सांगतील? माझी विद्यार्थिनी, मी शिकवली, पास केली, असं आपण सांगतो. मीही तसंच सांगत फिरतो गावभर.

सर म्हणाले, "ही वैशाली. हिनं माझी चूक काढली."

लेकीला कळेना, हसावं की नाही. "अब्बांची?"

"माझी. आठ नव्हते, तीन होते. मी ओरडलो तरी मागं हटली नाही." आणि छाती पुढं काढून हसले.

लाँचवाल्यानं भोंगा दिला. भाभी आधी चढल्या, मग सर, लेकीचा हात धरून. लाँच धक्क्यापासून सुटली, मध्ये पाणी रुंद होत गेलं. वैशाली हात हलवत होती. सर हात हलवत नव्हते. ते तिकीट फाडणाऱ्या माणसाचा दंड धरून उभे होते आणि आमच्याकडं, धक्क्यावरच्या त्या निळ्या शर्टाकडं बोट दाखवून त्याला काहीतरी सांगत होते. तो तिकिटं फाडायचा थांबला आणि वळून बघायला लागला.